बाटली बंद

६ जानेवारी

ताई,

नमस्कार-चमत्कार पुढच्या पत्रात. आधी पोटं घे.

तू लिहिलंस, "खरी पोटं पाठव, पुस्तकातली पाठ करून कंटाळले," तेव्हा मला वाटलं अभ्यासाने तुझं डोकं फिरलं. मग पुढचं वाचलं. बड्या सरांनी सगळ्या वॉर्डसमोर तुला सांगितलं की यकृत आणि आतडी तुझ्या डोक्याबाहेरची आहेत, एकदा नापास झालीस तेवढं पुरे, आता दुसरं काही बघ. आणि तू त्याच विषयाला, त्यांच्याच समोर परत बसणार. मला इतकं बरं वाटलं की मी भट्टीवर वाकून जोरात ढवळायला लागलो आणि वरच्या खिशातला फोन आत पडला. आता तो कुठल्यातरी वळणावरच्या पिवळ्या रेघेत आहे. तसाही या डोंगरात कोणाचाच फोन लागत नाही. पत्रं आपल्या टेम्पोवाल्याकडे देत जा. तो तुझ्या गावातल्या गोदामातून रंगाच्या पिशव्या आणतो आणि दर खेपेला वसतिगृहावरून जातो. तुझ्यावर त्याचा डोळा आहे असं समजू नकोस, त्याचा डोळा तिथल्या चहावर आहे.

काकांना सांग, ते म्हणायचे ना की हा शाळा सोडून एक दिवस रस्त्यावर येणार? आलो. रस्त्यावर रेघा मारतो. आधी दोरी ताणायची, खडूने खूण करायची, मग भट्टीत वितळलेला रंग गाड्यातून सोडायचा आणि ओला असतानाच वर काचेचे बारीक मणी भुरभुरायचे. अंधारात दिवा पडला की चमकतं ते रंगामुळे नाही, त्या मण्यांमुळे. हे मला माहीत नव्हतं. तुला होतं का? काकांच्या दुकानात गल्ल्यामागे बसून हे कधी कळलं असतं? असो, पोटं.

पोट पहिलं: भट्टीवाला. माणूस आडवा-तिडवा दणकट. जेवून आडवा झाला की छातीत जळतं, आंबट पाणी घशाशी येतं. रंगाच्या पिशव्यांची उतरंड करून तिच्यावर टेकून झोपतो. वर म्हणतो, शी काळी होते.

पोट दुसरं: आमचे मुकादम. टोळी त्यांची. मला कामावर ठेवलं त्यांनीच, कागद न मागता, नुसती सरळ रेघ मारायला लावून. माझी रेघ वाकडी गेली. त्यांनी ती माझ्याकडून खरवडून घेतली आणि म्हणाले, खरवडायला लाजत नाहीस, चालेल. त्यांना म्हणे पित्त झालंय. जेवणानंतर वरच्या बाजूला उजवीकडे दुखतं, उलटी होते, मग आपोआप थांबतं. अंगाला खाज सुटते. सांगतात अंगावर पित्त उठलंय, पण मला एकही गांध दिसली नाही. जेवण कमी झालंय. संध्याकाळी भट्टी विझली की बाटली घेऊन बसतात आणि कोणाशी बोलत नाहीत.

तपास आणि निकाल कळव. मी बडे सर.

भिंगरी


१० जानेवारी

भिंगरी,

बडे सर इतकं वाकडं अक्षर काढत नाहीत. बाकी केस छान मांडलीस.

भट्टीवाला: जठरातलं आम्ल वर अन्ननलिकेत येतंय. जेवण आणि झोप यांत तीन तास जाऊ देत. पिशव्यांवर झोपतो ते चूक नाही, पण नुसती मान उंच नको, अख्खी पाठच उतारावर हवी. डाव्या कुशीवर झोपला तर आणखी बरं. पोटाचा घेर कमी करायला सांग. आम्ल कमी करणारी गोळी सकाळी खाण्याच्या अर्धा तास आधी, जेवून झाल्यावर नाही, सगळे तिथेच चुकतात. पण काळी शी म्हणजे वर कुठेतरी रक्त जातंय का हे बघावं लागतं. तो लोहाच्या गोळ्या घेतो का? त्यानेही काळी होते. विचार. घास अडकतो का, वजन उतरलंय का, उलटीत रक्त आहे का? एकालाही हो म्हणाला तर गोळ्या देत बसायचं नाही, दुर्बीण घालून बघायचं.

मुकादम: सोपी केस. पित्त म्हणजे लोकांच्या बोलण्यात ॲसिडिटी, पण खाज आणि रोजची बाटली म्हणजे माझं लक्ष यकृतावर जातं. तीन गोष्टी बघ. एक, तळहात लाल आहेत का. दोन, छातीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल बारीक रेषा आहेत का. तीन, दोन्ही हात पुढे करून, गाडी थांबवतात तसे पंजे उभे धरायला सांग. पंजे पंख हलल्यासारखे पडतात का बघ. पोट फुगलंय का, पावलं सुजलीत का? डोळ्यांचे पांढरे भाग उजेडात बघ, दिव्याखाली नाही. आणि बाटली रोज किती, ते नेमकं विचार.

अभ्यास चालू आहे. काकांचं पत्र आलं होतं. त्यांच्या मते मी घरी येऊन शांतपणे विचार करावा. मी उत्तरात लिहिलं की विचार मी इथेही करते, शांतपणा मात्र मार्चनंतर.

ताई


१५ जानेवारी

ताई,

भट्टीवाल्याला लोहाच्या गोळ्या त्याच्या बायकोने चालू केल्यात. शी काळी का, याचा उलगडा झाल्यावर तो इतका खूश झाला की त्याने मला मिठी मारली, आणि माझा शर्ट आता एका बाजूने पांढऱ्या रंगाचा आहे. सगळी टोळी तुला पोटाची ताई म्हणते.

आता मुकादम. तळहात बघितले. एक पिवळा, एक पांढरा. त्याखाली लाल असले तर देवाला ठाऊक. रॉकेलने पुसले तरी पिवळा पिवळाच राहिला. छातीवर जाळं नाही. हात पुढे धरायला सांगितलं तर सगळे हसायला लागले. ताई, ते दिवसभर तेच करतात. वळणावर उभे राहून पंजा उभा धरून गाड्या थांबवणं हेच त्यांचं काम. पंजा असा उभा राहतो की ट्रकवाले दुरूनच ब्रेक दाबतात. थरथर नाही, पंख नाही, काही नाही. पोट सपाट. पाय कोरडे.

डोळ्यांचं जमलं नाही. काळा चष्मा काढतच नाहीत, म्हणतात उजेड टोचतो. भट्टीवाला म्हणाला, तोंडपण पिवळं दिसतंय, त्यावर मुकादम म्हणाले, तुझं काय गुलाबी आहे का. खरंच आहे, आम्ही सगळेच पिवळे. पंधरा दिवस जास्त करून पिवळ्या रेघेचंच काम आहे. परवा एका शाळेची गाडी थांबली होती, त्यातली एक मुलगी मला केळं म्हणाली.

बाटली विचारलीस. एक, पूर्ण भरलेली. त्रास जास्त झाला तर दुसरी. कुशीत घेऊनच आडवे होतात. कोणी हात लावला तर चिडतात. मी एकदा म्हटलं, एवढी कशाला घेता, तर म्हणाले, हिच्यावरच तर दिवस काढतोय. गेल्या महिन्यात एक होती, आता दोन लागतात.

लघवी गडद होते म्हणे. उन्हात सगळ्यांचीच होते.

तुला हा निकाल पुरेसा आहे का? की बड्या सरांसारखं म्हणू, "पुढचा"?

भिंगरी


१८ जानेवारी

भिंगरी,

पुरेसा आहे, आणि मला तो आवडलेला नाही. रोज दोन आणि कुशीत घेऊन झोप, म्हणजे हा माणूस बाटलीच्या पूर्ण ताब्यात आहे. ती बाटलीच त्यांचं यकृत भाजून काढते आहे. दुखणं, उलटी, भूक जाणं, गडद लघवी, सगळं त्यात बसतं.

बाटली आजपासून बंद. रागावले, रडले, शिव्या दिल्या तरी द्यायची नाही. लपव. पण हे लक्षात ठेव: इतकी सवय असलेल्याची एकदम बंद केली की दोन-तीन दिवसांत थरथर सुटू शकते, घाम, घाबरेपणा, भास. तसं झालं तर घरगुती काही करत बसू नकोस, जवळच्या डॉक्टरकडे ने आणि हे पत्र दाखव, म्हणजे त्यांना नव्याने शोधत बसावं लागणार नाही. तोवर भरपूर पाणी आणि साधं खाणं.

हाच धडा काल पाठ केला आणि आज तुझं पत्र आलं. बड्या सरांनी हीच केस दिली तर मी झोपेत सांगेन.

ताई


२४ जानेवारी

ताई,

तू लिहिलंस तसंच झालं.

बाटली मी मण्यांच्या पोत्यात लपवली. मुकादमांनी पूर्ण तळ धुंडाळला. भट्टीवाल्याला विचारलं, टेम्पोवाल्याला विचारलं, मला विचारलं. मी म्हटलं ताईचा हुकूम आहे, ती तुमचं यकृत भाजतेय. त्यांनी शोधणं थांबवलं. मग म्हणाले, शिकलेली मुलगी आहे, तिला कळत असेल. आणि बाटलीशिवाय, पोट दाबून, गुडघे जवळ घेऊन पडून राहिले. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

तिसऱ्या दिवशी थरथर सुटली. नुसते हात नाही, अख्खं अंग, दात वाजत होते. आमच्या सगळ्यांची पांघरुणं घातली तरी कापत होते. मग अंग तव्यासारखं तापलं आणि घाम. मी म्हटलं, बघा, ताईने आधीच लिहिलं होतं. मला तर तुझा अभिमान वाटला.

खालच्या वस्तीत एक दवाखाना आहे, तिथे नेलं. डॉक्टरांनी तुझं पत्र वाचलं आणि खुर्चीतून उठलेच नाहीत. म्हणाले बरोबर आहे, दारू सुटली की असं होतं, आणि झोपेची गोळी लिहिली. मी म्हटलं मुकादम दारू पीत नाहीत. ते हसले. म्हणाले, सगळे असंच सांगतात, ह्यात लिहिलंय की बाटली.

मुकादम तोवर खाटेवरून उठून बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "मला दारुड्या कोण म्हणालं?"

ते उठून चालायला लागले, तापात, भिंतीला धरून. बाहेर येऊन मला सांगितलं की त्यांच्या बापाने घर पिऊन टाकलं. लहानपणी ते बापाला उचलून आणायचे. म्हणून त्यांनी आयुष्यात थेंब घेतला नाही, आणि जिथे त्यांना दारुड्या म्हणून झोपवतील अशा कुठल्याही खाटेवर ते झोपणार नाहीत. मेले तरी वळणावर मरतील. आता परत तळावर आहेत. सकाळी पुन्हा कापले.

ताई, मी तुझं पत्र परत वाचलं. तू दारू कुठेच लिहिलेली नाहीस. तू बाटली लिहिलंस, मी बाटली बंद केली. जाड काचेची हिरवी बाटली आहे, सोड्याची, वर लोकरीचा मोजा घातलेला. भट्टीवर पाणी तापवून भरतात आणि दुखतं तिथे लावून बसतात. थंड झाली की दुसरी. गरम पाण्याच्या बाटलीने यकृत भाजतं, आणि ती काढली की माणूस असा कापतो, हे तुमच्या पुस्तकात खरंच आहे का?

आज चष्मा काढून घेतला. दुपारच्या उजेडात बघितलं. डोळे रेघेसारखे पिवळे आहेत. डोळ्यांत तर रंग गेलेला नव्हता.

लवकर लिही. टेम्पोवाला चहा न पिता निघतोय.

भिंगरी


२४ जानेवारी, संध्याकाळ

भिंगरी,

टेम्पोवाला खाली थांबलाय. उभ्यानेच लिहितेय.

मोठ्या हॉस्पिटलात न्या. आत्ता. त्यांना आवडो न आवडो.

दारूचं काही नाही. चूक माझी आहे, पूर्ण माझी. त्यांच्या पित्ताशयात खडा असणार. तो घसरून नळीत अडकला, म्हणून पित्त आतड्यात न उतरता मागे रक्तात चढलं. म्हणून डोळे पिवळे, लघवी गडद, गांध न उठता खाज. शी विचार, पांढुरकी मातीसारखी असेल. आणि आता त्या तुंबलेल्या पित्तात जंतू वाढलेत. दुखणं, कावीळ आणि थंडी वाजून ताप, ही तीन एकत्र आली की थांबायचं नसतं. विष रक्तात पसरतं, रक्तदाब पडतो, माणूस बरळायला लागतो, आणि मग फार थोडा वेळ उरतो. ती थरथर बाटली सुटल्याची नव्हती.

ते पहिल्या दिवसापासून पित्त म्हणत होते. मी ते ॲसिडिटी समजले. ते खरोखरच पित्त होतं.

वेगळा कागद डॉक्टरांसाठी जोडलाय. त्यात लिहिलंय: शिरेतून सलाईन आणि प्रतिजैविक लगेच, त्याआधी रक्त तपासायला आणि जंतूंसाठी घ्यावं, सोनोग्राफी करावी आणि तुंबलेली नळी दुर्बिणीतून मोकळी करावी. तोच दाखव. आधीचं पत्र फाडून टाक.

मुकादमांना हे वाचून दाखव: मुकादम, तुम्ही दारू पीत नाही. मी न विचारता, न बघता तुम्हाला दारुड्या ठरवलं. रागावायचं असेल तर माझ्यावर रागवा, समोर येऊन, त्यासाठी जिवंत राहावं लागेल.

ताई


३० जानेवारी

ताई,

जिवंत आहेत. हे आधी लिहितो, कारण मी भरकटतो हे तुला माहीत आहे.

तुझ्या चार ओळी वाचून दाखवल्या. डोळे मिटून ऐकलं. शेवटची ओळ परत वाचायला लावली आणि म्हणाले, टेम्पो लाव.

हॉस्पिटल शहराच्या कडेला आहे. पोचेपर्यंत दिवस वर आला होता. खिडकीवरच्या माणसाने विचारलं आधी कुठे दाखवलं होतं का. भट्टीवाल्याने मदत म्हणून दवाखान्याची चिठ्ठी पुढे केली. तिच्यावर गोळीच्या नावाआधी एकच शब्द होता, दारू. झालं. खिडकीवाला म्हणाला, व्यसनाची ओपीडी परवा असते. मी तुझा कागद पुढे केला. त्याने विचारलं, कोणत्या डॉक्टरांचा? मी म्हटलं, होणाऱ्या. त्याने कागद परत ढकलला. मी तिथून वसतिगृहाला फोन लावला तर तुमच्या बाई म्हणाल्या, अभ्यासाच्या वेळेत मुलींना बोलवत नाही, मग तो भाऊ असो की बाप.

मुकादम बाकावर बसून काहीतरी पुटपुटायला लागले होते. दोरी सैल आहे, ताण, दोरी ताण, असं. तू लिहिलेलं बरळणं मला आठवलं.

आता जे केलं त्याची लाज वाटत नाही, आधीच सांगतो. टेम्पोत आमचे नारिंगी शंकू होते, लाल झेंडी होती, बोर्ड होता. पेशंटच्या गाड्या येतात ते दार आम्ही सोडलं, ते कळतं आम्हाला. पण मोठ्या डॉक्टरांच्या गाड्या जेवायला बाहेर पडतात त्या फाटकावर शंकूंची रांग लावली आणि मधोमध बोर्ड ठेवला, "काम चालू आहे, थांबा." भट्टीवाला झेंडी घेऊन उभा. मी मुकादमांसारखा पंजा उभा धरला. ताई, त्या पंजात काय जोर असतो ते मला तेव्हा कळलं. पहिली गाडी थांबली. दुसरी थांबली. रखवालदार आला, त्यालाही वाटलं खरंच काम आहे. त्याने विचारलं किती वेळ लागेल, भट्टीवाला म्हणाला, ते आतल्या खिडकीवर अवलंबून आहे.

तिसऱ्या गाडीतून एक वयस्कर डॉक्टरीणबाई उतरल्या. भुकेल्या होत्या आणि चिडलेल्या. मी काही न बोलता तुझा कागद दिला. त्यांनी तो तिथेच उन्हात वाचला. मग विचारलं, "पेशंट कुठे आहे?"

बाकापाशी जाऊन त्यांनी स्वतः मुकादमांचा चष्मा काढला, त्यांना खिडकीकडे वळवलं, पापणी ओढून बघितली, बरगडीखाली उजवीकडे हात ठेवून श्वास घ्यायला सांगितला. कळ येऊन श्वास अर्ध्यात थांबला. त्यानंतर कोणी कोणाला काही विचारलं नाही. खाट आली, सलाईन आलं, लोक पळायला लागले. खिडकीवाला सगळ्यात जोरात पळत होता.

तोंडातून दुर्बीण घालून नळी मोकळी केली. खडा वाटाण्याएवढा. मागे पू होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उद्यावर टाकलं असतं तर वाचवायला कोणी उरलंच नसतं. पित्ताशय काही आठवड्यांनी काढायचं आहे.

तुझा कागद त्यांनी ठेवून घेतला. विचारलं कोणी लिहिला. मी म्हटलं, माझ्या बहिणीने, नापास आहे. त्या म्हणाल्या, अक्षर सुधारायला सांग.

शंकू आम्ही उचलले. रखवालदार म्हणतो रेघ कुठे आहे.

भिंगरी


४ फेब्रुवारी

भिंगरी,

बरं झालं. फार बरं झालं.

मी परीक्षेला बसत नाही. नाव मागे घ्यायचा अर्ज लिहून ठेवलाय, उद्या ऑफिस उघडलं की देणार. बडे सर चूक नव्हते. तू सगळं सांगितलं होतंस, उजवीकडे दुखतं, जेवल्यावर दुखतं, गांध नाही, पंजा थरथरत नाही, पोट सपाट. एकही खूण दारूच्या बाजूने नव्हती आणि मी एका शब्दावर निदान ठोकलं. काम करणारा माणूस, संध्याकाळ आणि बाटली. पुढचं मी वाचलंच नाही. तो दवाखान्यातला डॉक्टर खुर्चीतून उठला नाही म्हणून मला राग आला, पण त्याला खुर्चीत माझ्याच पत्राने बसवलं.

काकांना कळवते.

ताई


५ फेब्रुवारी

ताई, हे अक्षर माझं आहे पण बोलणं मुकादमांचं. खाटेवर बसून सांगतायत. मध्ये मी बोललो तर टपली मारतात, म्हणजे तब्येत बरी आहे. टेम्पोवाल्याला सांगितलंय, ऑफिस उघडायच्या आत पोच.

डॉक्टरीणबाई,

तुम्ही मला दारुड्या म्हणालात. ते मी विसरणार नाही. तुम्हीच म्हणालात समोर येऊन रागवा, तर येणारच आहे, पित्ताची पिशवी काढली की. तोवर हे ऐका.

तुमच्या भावाची पहिली रेघ इतकी वाकडी होती की तिच्यावरून गाडी गेली असती तर शेतात गेली असती. मी त्याला हाकललं नाही. का, तर वाकडी रेघ सगळेच मारतात. मीपण मारलीय, पुलावर, भर वाहतुकीत. काही लोक वाकडी गेली की तिच्याकडे बघत नाहीत, पुढे निघून जातात. त्यांना मी ठेवत नाही. काही लोक वाकडी गेली की गाडा टाकून घरी जातात. त्यांनाही ठेवत नाही, कारण रेघ तशीच वाकडी राहते आणि वर रस्ता अर्धा राहतो. छिन्नी घ्यायची, गुडघ्यावर बसायचं, खरवडायचं, आणि दोरी ताणून परत मारायची. तुम्ही संध्याकाळच्या संध्याकाळी उभ्याने खरवडलंत. म्हणून मी बोलतोय.

आता तुम्ही घरी बसलात तर मला चुकीचं नाव देणारी माणसं सगळी खुर्चीत राहणार, आणि चूक कळलेली एकच बाहेर. हा कुठला हिशोब? तुमचे ते सर म्हणतात तुम्हाला पोट कळत नाही. माझं पोट तुम्हाला उशिरा का होईना कळलं. त्यांना सांगा मुकादमांना विचारा.

अर्ज फाडा. रागवायला मी डॉक्टरकडेच येणार, दुकानात नाही.

(टीप माझी: ते म्हणाले, "फाडा" दोनदा लिही. फाडा. भिंगरी.)


२१ मार्च

भिंगरी,

मुकादमांचं पत्र आलं तेव्हा मी ऑफिसच्या रांगेत होते, हातात अर्ज घेऊन. टेम्पोवाला रांगेत घुसला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "पोटाची ताई, थांबा." पंजा उभा करून. तुम्ही लोक त्याला काय शिकवून पाठवता? मी अर्ज फाडला. पुढे उभी असलेली मुलगी दचकली.

काल तोंडी परीक्षा झाली. बडे सर मधोमध बसले होते. मला बघून शेजारच्या परीक्षकाला काहीतरी म्हणाले, ते दोघे हसले. मी उभीच राहिले. मला एका बाईंची केस दिली. शिवणकाम करतात, थकवा, पोटात वर दुखतं, चेहरा पांढराफटक. माझ्या आधीच्या मुलाने त्यांच्याकडून ऐकलेलं मला जाता जाता कानात सांगितलं: बाई घेते रोज, यकृत बघ.

मी बाईंजवळ बसले. त्या म्हणाल्या, मी रोज घेते. अर्धी घेते, त्रास जास्त असला तर पूर्ण. घेतल्याशिवाय उभं राहता येत नाही.

भिंगरी, माझ्या कानात तुझं पत्र वाजायला लागलं. बडे सर घड्याळाकडे बघत होते. त्यांनी विचारलं, "रोज घेते म्हणाल्या ना त्या? मग निदान सांग."

मी म्हटलं, "सर, काय घेतात ते अजून विचारलेलं नाही."

आणि त्यांच्याकडे पाठ करून बाईंना विचारलं, काय घेता, दाखवा. त्यांनी पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढली. गुडघ्यांच्या दुखण्याची गोळी, रिकाम्या पोटी, कित्येक महिने, कोणाला न विचारता. मग शी विचारली. डांबरासारखी काळी, चिकट, आणि लोहाची गोळी कधीच नाही. पापणीखाली रंग नव्हता. डोळे पांढरे, यकृताची एकही खूण नाही, मी एकेक करून शोधली, पंजासुद्धा उभा धरायला लावला. वळून सांगितलं: त्या गोळीने जठरात व्रण झालाय आणि त्यातून रक्त जातंय. गोळी बंद, हिमोग्लोबिन, रक्तगट, आम्ल कमी करणारं औषध, दुर्बीण घालून व्रण बघायचा, तिथला जंतू तपासायचा, आणि गुडघ्यांसाठी दुसरं काहीतरी द्यायचं, नाहीतर त्या घरी जाऊन तीच घेतील.

बडे सर म्हणाले निम्मा वेळ तू नुसतं विचारण्यात घालवलास, पुढचे प्रश्न आता राहिले.

मी म्हटलं, "हो सर. पुढच्या वेळीही तेवढाच घालवीन."

त्यांनी पेन उघडलं. मग काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला दिसलं नाही, आणि मी वाकून बघितलंही नाही. पास झाले तर पुढे जाईन. नापास झाले तर सप्टेंबरमध्ये त्याच खोलीत, त्याच सरांसमोर, बाईंना काय घेता विचारत बसेन. काकांना हे दोन्ही कळवलंय.

मुकादमांचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात ना? मी येतेय. त्यांना आधी सांगू नकोस, नाहीतर बोलायचं सगळं पाठ करून ठेवतील.

आणि भिंगरी, मण्यांच्या पोत्यातली ती बाटली. तू त्यांना परत दिलीस का? आजारपणाच्या धांदलीत तू विसरला असशील, तू आहेसच तसा. आजच दे. मोजा धुऊन, पाणी तापवून, भरून. ह्या वेळी काहीही मनाने समजू नकोस. गरम पाण्याची बाटली. चालू.

ताई